वाकडं, वाकलेलं आणि बाकदार

गेल्या अंकात 'स्ट्रेट' आणि 'स्ट्रेटफॉरवर्ड' या इंग्रजी शब्दांतला फरक सांगितला, तर या महिन्याच्या टपालात सरळ असं काही आलंच नाही. कुणाच्या यंत्राचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, वाकला, कुणाच्या चपलेचं टोक वळलं, कुणाच्या मांडवाचा खांब कलला. मग म्हटलं, या वेळी सगळी वाकडी मंडळी एकाच पंक्तीला बसवू. ज्यांची पत्रं इथं नाहीत त्यांनी राग मानू नये, बहुतेकांचं उत्तर शेजारच्याच्या पानात वाढलेलं सापडेल.

प्रश्न : ताई, आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. बाहेरच्या देशात जाणाऱ्या लॉटमधले काही शाफ्ट पॅकिंगच्या आधी वाकलेले निघाले. मुलानं गिऱ्हाइकाला मेल केला, 'सम शाफ्ट्स आर कर्व्ड, डिस्पॅच विल बी लेट.' तिकडून उलट सवाल, 'ड्रॉइंगच्या कुठल्या रिव्हिजनमध्ये कर्व्ह आहे?' आता 'कर्व्ड' म्हणजे वाकडंच की नाही? — एक कारखानदार, शिरोली

उत्तर : गिऱ्हाईक खवचट नाही हो. त्यानं तुमचं वाक्य जसं वाचायला पाहिजे तसंच वाचलं. 'कर्व्ड' म्हणजे ज्याचा मूळ आकारच बाकदार आहे ते. विळ्याचं पातं कर्व्ड, मोबाइलच्या पडद्याची कड कर्व्ड, नळाची मान कर्व्ड. ती वस्तू आधी सरळ होती आणि मग बिघडली, असं त्या शब्दात कुठंच नाही. तुम्ही कर्व्ड लिहिलंत, त्यानं धरलं की तुम्ही बाकदारच शाफ्ट केलेत, आणि बिचारा ड्रॉइंगं उलटत बसला.

तुम्हाला पाहिजे होता 'बेंट'. आधी सरळ होतं, मग कुणीतरी किंवा कशानं तरी वाकवलं, ते बेंट. जुन्या इंग्रजीत 'बेंड' करणं म्हणजे धनुष्याला दोरी चढवून ते ताणणं, म्हणजे जोर लावणं आलंच. तो जोर शब्दात अजून शिल्लक आहे. म्हणून बेंट म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडावर पुढचा सवाल तयार असतो : कशानं? तो विचारायच्या आधीच सांगून टाकावं. क्रेनच्या पट्ट्यातून निसटून पडला असेल तर 'बेंट ड्युरिंग हँडलिंग', जहाजात नाहीतर ट्रकमध्ये दबला असेल तर 'बेंट इन ट्रान्झिट'. एक्स्पोर्टच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली, त्यात या दोन वाक्यांनी जितके फोन वाचवले तितके कुठल्याच मॅनेजरनं वाचवले नाहीत.

मुद्दाम वाकवलेलंही बेंटच, बरं का. मिखाएल थोनेटनं लाकडाच्या दांड्यांना वाफ देऊन ते साच्यात वाकवले आणि १८५९ साली आपली १४ नंबरची खुर्ची काढली. ती पुढं जगभरच्या कॅफेंतून दिसायला लागली. तिच्या पाठीची गोलाई कर्व्ड म्हणावी अशीच आहे, पण त्या जातीच्या फर्निचरला नाव पडलं 'बेंटवुड'. कारण सरळ दांडा वाकवून ती केली. तोच आकार करवतीनं फळीतून कापून काढला असता तर लाकूड कर्व्ड झालं असतं, बेंटवुड नाही.

या दोघांच्या पंगतीला तिसरा एक येतो, 'क्रुकिड'. लिहिताना शेवटी 'ईडी' असलं तरी 'क्रुक्ड' म्हणायचं नाही, क्रु-किड, दोन तुकडे. सरळ असायला पाहिजे होतं आणि नाही, ही तक्रार त्या शब्दात आहे. दात क्रुकिड, नाकाचं हाड क्रुकिड, केसांचा भांग क्रुकिड. माणूस क्रुकिड म्हटला तर मात्र तो लबाड. मेंढपाळाच्या आकड्याच्या काठीला 'क्रुक' म्हणतात आणि भामट्यालाही क्रुकच म्हणतात. त्यामुळं शाफ्टला क्रुकिड लिहू नका, त्यानं बँकेचं कर्ज बुडवल्यासारखं वाटतं. विलायतेत बोलताना 'बेंट' सुद्धा लाचखोर पोलिसाला लावतात, पण तुमच्या मेलमध्ये शाफ्ट असल्यावर तो अर्थ घ्यायला कुणी जाणार नाही.

तेवढ्यावर थांबू नका. बेंट हा ढोबळ शब्द झाला. शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू, धनुकलीसारखा गेला असेल तर 'बोड', आणि उच्चार 'बो'वरून, 'बाऊ'वरून नाही. एकाच जागी चटकन मोडल्यासारखा वाकला असेल तर 'किंक्ड'. तारेला, होजपाइपला, चेनला पडते ती किंक. आपल्याकडं त्याला गाठ नाहीतर मुरड म्हणतील. लांबीच्या अक्षाभोवती पिळला गेला असेल तर 'ट्विस्टेड'. आणि लांब पट्टी दोन टोकांवर ठेवल्यावर स्वतःच्याच वजनानं मधे खाली आली तर ती बेंट नव्हे, 'सॅग' झाली. ट्रकचे कमानपट्टे बसतात ना, ते 'सॅग्ड'. त्याच पट्ट्यांना कारखान्यातून येताना जी मुद्दाम कमान दिलेली असते तिचं नाव 'कँबर'. पाणी दोन्ही बाजूंना उतरावं म्हणून रस्ता मधे उचललेला असतो, तोही कँबरच. म्हणजे बघा की, पट्टा एकच, बाकही एकच, पण ठरवून दिला तेव्हा कँबर, आणि वजनानं गेला की सॅग.

ओतकामात अजून दोन लागतील. जाड भाग उशिरा थंड झाला, पातळ भाग आधी झाला, आणि त्या ओढाताणीत प्लेट सपाट राहिली नाही, तर ती 'वार्प' झाली. इथं इचलकरंजीच्या वाचकांनी गोंधळू नये, तुमच्या मागावर वार्प म्हणजे ताणा, तो शब्द त्याच अक्षरांचा पण कामाला वेगळा. आणि मोल्ड ढिला ठोकल्यामुळं धातूच्या दाबानं भिंत सरकून कास्टिंग पोटात फुगलं, तर त्या दोषाचं नाव 'स्वेल'. 'बल्ज' म्हटलंत तरी समजेल, पण रिपोर्टमध्ये स्वेल लिहा, फौंड्रीवाला तो लगेच ओळखतो.

आणि खरं सांगू का, विशेषणावर फार भिस्त ठेवू नका. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे 'व्ही' सारख्या खाचेच्या ठोकळ्यांवर ठेवा, मधे डायल लावा, एक फेरा फिरवा, काटा किती हलला तो आकडा, म्हणजे 'रनआऊट', लिहा. 'बेंट' वाचून गिऱ्हाइकाला काळजी वाटते, 'रनआऊट' चा आकडा वाचून त्याला निर्णय घेता येतो. सायकलवाला चाक फिरवून 'आऊट आहे' म्हणतो आणि चावी घेऊन स्पोक आवळत आऊट काढतो, त्या आऊट असण्यालाच इंग्रजीत 'आऊट ऑफ ट्रू' म्हणतात. हा शब्दही मेलमध्ये चालतो, निदान विलायती गिऱ्हाइकाला तरी.

प्रश्न : ड्रॉइंगवर 'फिलेट', 'राऊंड', 'रेडियस', 'चँफर' असं चार तऱ्हेनं लिहून येतं. आमचा मिस्त्री चारही ठिकाणी 'गोलाई मारा' म्हणतो. — पॅटर्न शॉपमधला एक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : तीन ठिकाणी मिस्त्रींचं खरं आहे. आतला कोपरा, जिथं दोन भिंती मिळतात, तिथं भरून दिलेली गोलाई म्हणजे फिलेट. बाहेरची धार मारून केलेली गोलाई म्हणजे राऊंड. ती गोलाई किती मोठी हे सांगणारं माप म्हणजे रेडियस, ड्रॉइंगवर 'आर ३' असं लिहिलेलं असतं ते तीन मिलिमीटरचं. चौथ्या ठिकाणी मात्र मिस्त्रींना थांबवा. चँफरमध्ये गोलाई नसतेच, धार तिरकी सपाट उडवलेली असते. चँफर सांगितलेल्या जागी गोल केलंत तर पुढं बेअरिंग बसवणारा तुमच्या नावानं शंख करेल.

आतल्या कोपऱ्यात फिलेट का, हे पॅटर्नवाल्यांना मी सांगायला नको, पण मेल लिहिणाऱ्या पोरांना सांगते. कोपरा तिखट राहिला तर कास्टिंग थंड होताना तिथंच तडा जायचा धोका, आणि पुढं वापरात जोरही तिथंच साठतो. गिऱ्हाइकानं 'शार्प कॉर्नर नॉट अॅलाउड' लिहिलं असेल तर तो तुम्हाला फिलेटच मागतोय. उच्चार 'फिलेट'. माशाच्या तुकड्याला अमेरिकन लोक 'फिले' म्हणतात, ते हॉटेलात.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर चप्पल करतात, मी फोनवरून ऑर्डरी घेते. परदेशातली एक बाई विचारते, 'डझ इट हॅव आर्च सपोर्ट?' आर्च म्हणजे कमान, म्हणून मी लिहिलं, 'यस, टो इज आर्च.' तिनं पुन्हा तेच विचारलं. शिवाय टोकाला 'कर्ली' म्हणायचं का 'बेंट', आणि अंगठ्याला काय? — सुभाषनगरातून एक वहिनी

उत्तर : वहिनी, ती चपलेची कमान विचारत नव्हती, स्वतःच्या पायाची विचारत होती. तळव्याच्या आतल्या बाजूला जमिनीला न टेकणारी जी पोकळी असते ती इंग्रजीत पायाची 'आर्च'. तिच्याखाली बुटात उंचवटा दिलेला असतो तो 'आर्च सपोर्ट'. आपल्या पारंपरिक कोल्हापुरीचा तळ सपाट, चामड्याच्या थरांचा, तिथं असा उंचवटा नसतो. तेव्हा सरळ लिहा : 'नो, द सोल इज फ्लॅट. द लेदर टेक्स द शेप ऑफ द फूट विथ वेअर.' चामडं पायाला बसतं हे खरंच आहे, आणि ज्याला सपाट नको तो आधीच बाजूला होतो. खोटं 'यस' लिहून परत आलेलं पार्सल सोडवण्यापेक्षा हे बरं.

टोकाचं म्हणाल तर, कारागिरानं वर उचललेलं टोक 'अपटर्न्ड टो'. 'कर्ल्ड' म्हणजे गुंडाळत आलेलं, ते राजे-रजवाड्यांच्या मोजड्यांना शोभतं, तिथं टोक खरोखर वेटोळं घेतं. 'कर्ली' तर नकोच, तो शब्द केसांचा. आणि 'बेंट टो' लिहिलंत तर बाई म्हणेल पार्सल दबलं. एक धोका सांगून ठेवते. भिजलेली चप्पल उन्हात टाकली आणि तळाच्या कडा वर आल्या, तर गिऱ्हाईक लिहील, 'द सोल इज कर्लिंग'. तिथं ती कौतुक करत नाही, तक्रार करते. म्हणून चपलेबरोबरच्या चिठ्ठीत पाण्याचं आधीच लिहा.

अंगठा म्हणजे 'टो लूप'. 'रिंग' म्हणू नका, रिंग पूर्ण गोल आणि सहसा धातूची, ती जोडव्याला ठेवा. 'लूप' म्हणजे दोरी, पट्टी, वादी वळवून परत आणून केलेला फास, ज्यातून काहीतरी जातं. इथं अंगठा जातो. उघडा राहिला तर तो 'हूक', मिटला तर लूप, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. पायाच्या वरच्या उंच भागाला 'इन्स्टेप' म्हणतात, आपला आडवा पट्टा त्यावर बसतो, म्हणून 'इन्स्टेप स्ट्रॅप'. बाजूच्या कानांना 'साइड फ्लॅप्स' म्हणा, 'इअर्स' म्हटलंत तर बाई हसेल, पण हसून घेईलही, आणि खरं तर कान हा शब्द तिला शिकवलाच पाहिजे. वेणीला 'ब्रेड' म्हणतात. तीन वाद्या एकमेकींत घातल्या तर ब्रेड, दोनच एकमेकींभोवती पिळल्या तर ट्विस्ट. फोटोत वेणी असताना ट्विस्टेड लिहिणारे दुकानदार मी पाहिलेत. वेणी घालायला लागणारी मेहनत ते एका शब्दात घालवतात.

कापशी, पुकारी, बक्कलनाली, कुरुंदवाडी ही नावं मात्र भाषांतर न करता तशीच्या तशी लिहा. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा नावं जपायची जबाबदारीही आलीच.

प्रश्न : 'आर्क' आणि 'आर्च' यांत फरक काय? आणि वेल्डिंगला आर्क का म्हणतात, तिथं गोल काय असतं? — आयटीआयचा विद्यार्थी

उत्तर : दोघांचा बाप एकच, लॅटिनमधला 'आर्कस', म्हणजे धनुष्य. पण भावांनी धंदे वेगळे घेतले. आर्क ही नुसती रेघ आहे, वर्तुळाच्या परिघाचा एक तुकडा. तिला जाडी नाही, वजन नाही. आर्च हे बांधकाम आहे, ती ओझं पेलते. पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाच्या दगडी कमानी आठव. एकेक दगड पाचरीसारखा घडवलेला, वरचं वजन दगडादगडांतून बाजूला ढकलत खाली खांबात उतरवणारा. ती आर्च. त्याच कमानीची कड तू वहीवर कंपासनं काढलीस तर कागदावर आली ती आर्क. कर्व्ह या दोघांच्याही वर. प्रत्येक आर्क ही कर्व्ह असते, पण प्रत्येक कर्व्ह आर्क नसते, कारण आर्कचा बाक सगळीकडं सारखाच पाहिजे.

वेल्डिंगचा प्रश्न मला फार आवडला. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, दोन कोळशाच्या कांड्या आडव्या समोरासमोर धरून त्यांच्यात विजेचा झोत पाडायचे. मधली हवा तापून वर चढायची आणि तो झोतही तिच्याबरोबर वर उचलला जाऊन कमानीसारखा बाकायचा. त्या बाकावरून आर्क हे नाव पडलं. तुझ्या रॉडच्या टोकाला झोत इतका आखूड असतो की बाक दिसायला जागाच नाही, आणि तो काचेशिवाय बघायचाही नाही. नाव मात्र त्या आडव्या कांड्यांच्या दिवसांतलं राहून गेलं.

क्रियापदात आर्च वापरतात ती पाठीला आणि भुवईला. मांजर 'आर्चेस इट्स बॅक', बाई 'आर्चेस अॅन आयब्रो'. पाठ पुढं वाकवून नमस्कार केलास तर ते 'बेंड', वयानं किंवा सवयीनं पोक आलं तर 'स्टूप', थंडीत खांदे आक्रसून बसलास तर 'हंच'.

प्रश्न : पृथ्वीची कक्षा ओव्हल की एलिप्टिकल? सरांनी ओव्हल खोडलं. — नववीतली मुलगी, राजारामपुरी

उत्तर : सरांनी बरोबर खोडलं. ओव्हल म्हणजे ढोबळ लंबगोल. लॅटिनमध्ये अंड्याला 'ओव्हम' म्हणतात, त्यावरून तो आला. अंड्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा निमुळतं असतं, तरी ते ओव्हलच. चेहरा ओव्हल, आरसा ओव्हल, मुंबईचं ओव्हल मैदान, आणि लंडनचं ओव्हल, जिथं १८८० साली इंग्लंडमधली पहिली कसोटी झाली. यांना कुणी सूत्र लावून मोजत नाही. एलिप्स मात्र गणिताची, तिला दोन नाभी असतात आणि दोन्ही टोकं सारखी. ग्रह एलिप्समध्ये फिरतात आणि सूर्य एका नाभीशी असतो, हे केप्लरनं १६०९ साली छापलं. गंमत अशी, की पृथ्वीची एलिप्स इतकी कमी लांबट आहे की तुझ्या वहीवर मापात काढलीस तर वर्तुळच वाटेल. पुस्तकातली आकृती समजावी म्हणून मुद्दाम ताणलेली असते.

'राऊंड' आणि 'सर्क्युलर' असंही तू विचारलंयस. चेंडू राऊंड, ताट राऊंड, चेहराही राऊंड, हा शब्द कुणालाच नाही म्हणत नाही. सर्क्युलर म्हणजे सपाट वर्तुळाकार, आणि चेंडूला नेमकं म्हणायचं तर 'स्फेरिकल'. 'राऊंडेड' म्हणजे गोल नव्हे, कडा मारून बोथट केलेलं. चौकोनी टेबलाचे कोपरे राऊंडेड असतात, टेबल चौकोनीच राहतं. रंकाळ्याला राऊंड मारणारे आपण सगळे, पण रंकाळा राऊंड नाही, हे तू स्वतः फिरून बघ.

प्रश्न : मंडळाच्या मांडवाचा खांब 'बेंट' आहे असं मी परवानगीच्या अर्जात लिहिलं. साहेब म्हणाले, खांब तर सरळ आहे. मराठीत वाकडाच म्हणतो की आपण! — मंगळवार पेठेतला कार्यकर्ता

उत्तर : दादा, साहेबांचंही बरोबर आणि तुमचंही. मराठी 'वाकडा' दोन कामं करतो. खांब मधेच वाकला तरी वाकडा, आणि खांब काठीसारखा ताठ पण एका बाजूला कलला तरी वाकडाच. इंग्रजीत दुसऱ्याला 'लीनिंग' किंवा 'टिल्टेड' म्हणावं लागतं. भिंतीवरचा फोटो तिरका झाला तर मात्र क्रुकिड चालतो, तिथं ते लोक आपल्यासारखेच ढिले. 'नाचता येईना अंगण वाकडं' मधलं अंगण 'अनईव्हन', म्हणजे वरखाली, असंच मी तरी घेते. कारण कितीही वेडंवाकडं आखलं तरी सपाट अंगणात नाचायला काय हरकत? आणि दोन मंडळांचं आपसात वाकडं असेल तर 'दे आर नॉट ऑन गुड टर्म्स'. तिथं आकाराचा काही संबंध नाही, पोलिसांचा असेल.

प्रश्न : मी कोकणात पर्यटकांची गाडी नेतो. गगनबावड्यात एका परदेशी पाहुण्याला मेसेज टाकला, 'आय अॅम राऊंड द बेंड.' तो गाडीत बसायला कचरत होता. — एक चालक

उत्तर : कचरणारच! 'राऊंड द बेंड' म्हणजे डोकं फिरलंय. तुम्हाला म्हणायचं होतं 'जस्ट अराऊंड द कॉर्नर', अगदी कोपऱ्यावर आलो. डोकं फिरलेल्या माणसाबरोबर करूळ घाट उतरायला कोण तयार होईल?

घाटातल्या वळणाला मात्र 'बेंड' च म्हणतात. रस्ता जिथून आला जवळजवळ तिकडंच तोंड करून परत निघतो ते 'हेअरपिन बेंड', बायकांच्या आकड्यावरून. पाठोपाठ उलटसुलट दोन वळणं आली की 'एस-बेंड'. 'टर्न' तुम्ही घेता, बेंड रस्त्याला असतो. चौकात डावीकडं जायचं तर 'लेफ्ट टर्न', तिथं बेंड नाही. अचानक म्हैस आडवी आली आणि तुम्ही गाडी झटकन बाजूला काढलीत तर ते 'स्वर्व्ह'. पाहुण्याला आधी सांगून ठेवा, 'मेनी हेअरपिन बेंड्स अहेड', म्हणजे ज्यांना गाडी लागते ते गोळी घेतील.

प्लंबरनं 'बेंड' आणि 'एल्बो' वेगळे का सांगितले हेही एकानं विचारलंय. एल्बो आखूड जागेत काटकोनात वळतो, बेंड लांब फेरा घेऊन वळतो. जिथं पाण्याला अडथळा कमी हवा, किंवा सांडपाणी तुंबायला नको, तिथं लांब बेंड मागा.

प्रश्न : पार्लरचा बोर्ड लिहायचाय. कर्ली, वेव्ही, फ्रिझी? — राजारामपुरी

उत्तर : कुरळे ते 'कर्ली', लाटांचे ते 'वेव्ही', आणि पावसाळ्यात डोक्याभोवती पिंजारून उभे राहतात ते 'फ्रिझी'. यंत्रानं केलेले 'कर्ल्ड'. फ्रिझी हा बोर्डावर दोष म्हणूनच लिहा, सेवा म्हणून नको.

प्रश्न : जिन्याला 'स्पायरल' म्हणावं का 'हेलिक्स'? मुलगा भांडतो. — ताराबाई पार्क

उत्तर : मुलगा शास्त्रानं बरोबर आहे. स्पायरल सपाट, मधून सुटून रुंद रुंद होत जाणारी, घड्याळातल्या बारीक स्प्रिंगेसारखी. हेलिक्स त्याच रुंदीनं वर चढते : स्क्रूचा आटा, बॉलपेनमधली स्प्रिंग, आणि १९५३ साली उलगडलेली डीएनएची दुहेरी शिडी. पण त्या जिन्याला सगळं जग 'स्पायरल स्टेअरकेस' म्हणतं. गवंड्याला हेलिक्स सांगितलंत तर काम आठवडाभर पुढं जाईल. दोराचं किंवा सापाचं वेटोळं ते 'कॉइल', हा वाद त्यात आणू नका.

प्रश्न : भूगोल इंग्रजीतून शिकवते. 'ऑक्सबो लेक' मधला 'बो' म्हणजे धनुष्य ना? मग बैलाचा काय संबंध? आणि उच्चार बो की बाऊ? — शिक्षिका, शिरोळ तालुका

उत्तर : उच्चार 'बो'. धनुष्य, रिबिनीची फुलगाठ, बो-टाय, व्हायोलिनचा गज, पाय बाहेरच्या बाजूला बाकलेला 'बो-लेग्ड' माणूस, हे सगळे बो. मान लववून केलेला मुजरा आणि जहाजाचं पुढचं टोक, हे दोन बाऊ. अक्षरं तीच असल्यामुळं मुलांना वाक्यातूनच शिकवा, एकट्या शब्दाचा उच्चार विचारू नका.

ऑक्सबो मधलं धनुष्य मात्र बैलाच्या मानेत आहे. युरोप-अमेरिकेत जू बैलाच्या मानेवर ठेवून त्याखालून इंग्रजी 'यू' सारखी वाकवलेली लाकडी कांब मानेभोवती घालायचे आणि तिची दोन्ही टोकं जुवाच्या भोकांतून वर काढून अडकवायचे. ती कांब म्हणजे ऑक्सबो. आपल्याकडं जुवाला दोन सरळ शिवळा आणि खालून जोतं बांधायचं, वाकवलेलं लाकूड लागतच नाही. म्हणून शिरोळच्या शेतकऱ्याच्या पोरानं ऑक्सबो कधी पाहिलाच नसणार, त्याला तो शब्द ओळखीचा वाटावा कसा? मराठी पाठ्यपुस्तकानं तिथं घोड्याचा नाल पाहिला आणि 'नालाकृती सरोवर' केलं, ते मला जास्त सोयीचं वाटतं.

ते तळं होतं कसं हे शिकवायला तुम्हाला लांब जायला नको. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत सपाट जमिनीवर मोठमोठे फेरे घेते. अशा फेऱ्याला 'मिअँडर' म्हणतात. तुर्कस्तानातल्या एका नागमोडी नदीचं जुनं नाव मेअँडर, त्यावरून. फेऱ्याच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात लागतं, माती तुटते. आतल्या काठाला पाणी मंद, तिथं वाळू बसते. असं होत होत फेऱ्याची मान बारीक होते आणि एखाद्या पुरात नदी ती मान फोडून सरळ निघून जाते. मागं उरलेलं तोंड बुजलेलं वळण म्हणजे ऑक्सबो लेक. मुलांना फळ्यावर काढून दाखवताना बाहेरचा काठ खडूनं पुन्हा पुन्हा पुढं सरकवा आणि आतला भरत न्या. उत्तरपत्रिकेत 'रिव्हर बेंड' लिहिलेलं असेल तर गुण द्या, 'रिव्हर टर्न' असेल तर अर्धा कापा. 'क्रुकिड रिव्हर' कुणी लिहिलंच तर तेही चुकीचं नाही, इंग्रजीत नद्यांना तसं म्हणतात, पूर कितीही आला तरी.